बारा महिन्यांचे औषध, सदतीस वर्षांचा कायदा

वर्धा शहराला लागून असलेल्या दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती’. नावातला ‘महारोग’ हा शब्द त्या काळचा. खेड्यांत तर ‘रक्तपिती’ म्हटले की माणसे चार हात लांब सरकत. तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजी त्यांना ओळखत होते. अंगावर रोग दिसत होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. शास्त्रीजींचे अखेरचे दिवस दत्तपूरला गेले.

वर्ध्यात माणसे हे करत होती तेव्हा देशाच्या कायद्याच्या पुस्तकात काही वेगळेच लिहिलेले होते.

१८९८ चा ‘लेपर्स ॲक्ट’ सरकार ज्या भागाला लागू करील, त्या भागात ‘निर्धन कुष्ठरोगी’ दिसला तर पोलिसाला त्याला वॉरंटशिवाय पकडता येत असे. पुढे त्याची रवानगी कुष्ठाश्रमात. असा रुग्ण खाद्यपदार्थ, औषधे किंवा कपडे बनवून विकू शकत नव्हता, बंदी घातलेल्या सार्वजनिक विहिरी-तलावांवर जाऊ शकत नव्हता, भाड्याच्या गाडीत बसू शकत नव्हता. यातला ‘निर्धन’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. घरचे बरे असलेल्या रुग्णाला हा कायदा फारसा हात लावत नव्हता; भीक मागणारा किंवा पोटापाण्याचे साधन नसलेलाच त्याच्या कचाट्यात सापडे. जंतू काही माणसाची मिळकत पाहून शरीरात शिरत नाही. नावाने आरोग्याचा असलेला हा कायदा मुळात रस्त्यावरच्या गरिबांना नजरेआड करण्याचा होता. आणखी एक गोष्ट. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला होता आणि भारतात १८९०-९१ मध्ये फिरून पाहणी करणाऱ्या आयोगाने हा रोग फार संसर्गजन्य नसल्याचे सांगितले होते. तरी आठ वर्षांत हा कायदा आलाच.

तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने केलेला, परक्यांचा कायदा, असे म्हणून सोडून देता आले असते. पण स्वातंत्र्यानंतर निवडून आलेल्या आपल्या संसदेनेही कुष्ठरोगाला कायद्यात जागा दिली, आणि तीही घराच्या उंबरठ्याच्या आत. १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा या तिन्हींत जोडीदाराचा कुष्ठरोग हे विभक्त होण्याचे किंवा घटस्फोटाचे कारण होते. हिंदू विवाह कायद्यात रोग ‘उग्र आणि असाध्य’ असावा आणि अर्ज करण्यापूर्वी किमान तीन वर्षे जडलेला असावा, अशी अट होती.

त्या सभागृहात बसलेल्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. डॅप्सोनच्या गोळ्या नुकत्याच वापरात येऊ लागल्या होत्या, उपचार वर्षानुवर्षे चालत, आणि ‘असाध्य’ हा शब्द तेव्हा डॉक्टरांच्याही तोंडी होता. शिवाय याच हिंदू विवाह कायद्याने एका फटक्यात काय केले तेही लक्षात घेतले पाहिजे. एकापेक्षा जास्त बायका करणे बेकायदा ठरले आणि ज्या बाईला नवऱ्याच्या घरून सुटकेचा मार्गच नव्हता तिला घटस्फोटाचा हक्क मिळाला. हे कुठल्या न्यायालयाने एकेका खटल्यात केले असते तर पिढ्या गेल्या असत्या. संसदेच्या कायद्याची ताकद ती हीच. तो जवळपास साऱ्या देशाला एकदम लागू होतो, छापून प्रसिद्ध होतो, कोणालाही वाचता येतो, कलेक्टर बदलला म्हणून बदलत नाही. त्यावर सभागृहात सर्वांसमोर वाद होतो आणि मतदार आपल्या खासदाराला त्याबद्दल जाब विचारू शकतो.

पण ज्या ताकदीने बरोबर गोष्ट घरोघरी पोचते, त्याच ताकदीने चुकीची गोष्टही पोचते आणि तितकीच पक्की बसते. कुष्ठरोगाच्या बाबतीत हे कसे झाले, ते वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे नीट कळते.

हे कायदे होत होते त्याच काळात वर्ध्यात वेगळे काम चालले होते. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय वर्ध्याला आले. तिथल्या डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांनी रुग्णांना गावाबाहेर गोळा करण्याची रीत उलटी केली. कार्यकर्त्याने घरोघर जायचे, अंग तपासायचे, बधिर चट्टा सापडला की रुग्णाला घरीच ठेवून औषध द्यायचे आणि गावाला रोगाबद्दल समजावून सांगायचे. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी ही त्रिसूत्री. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. म्हणजे ज्या वर्षी विवाह कायद्याने कुष्ठरुग्णाला घराबाहेर काढण्याची वाट ठेवली, त्याच वर्षी आरोग्य खात्याने त्याला घरात ठेवून बरे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. दोन्ही एकाच सरकारच्या काळात!

पुढे डॅप्सोन एकटे पुरेना. जंतू त्याला दाद देईनासे झाले. तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि जुने डॅप्सोन. हा बहुऔषधी उपचार. १९८२ च्या सुमारास देशातल्या ज्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत तो जिल्हाभर देण्यास सुरुवात झाली त्यांत पश्चिम बंगालमधला पुरुलिया होता आणि आपला वर्धा होता.

या उपचाराने काय बदलले? कुष्ठरोगाचा जंतू फार संथ. बहुतेक जंतू मिनिटा-तासांत दुप्पट होतात, हा मात्र एकाचे दोन व्हायला साधारण बारा ते चौदा दिवस घेतो. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला मुळात रुजूच देत नाही. सारे आयुष्य एका घरात काढूनही नवरा-बायकोपैकी दुसऱ्याला तो होत नाही, अशी उदाहरणे दत्तपूरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी कितीतरी पाहिली आहेत. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने शरीरातले बहुतांश जंतू मरतात आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्ण संसर्ग पसरवण्याजोगा राहत नाही. चट्टे कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. थोडक्यात, १९८२ नंतर ‘असाध्य कुष्ठरोग’ हा शब्द वैद्यकशास्त्रातून गेला.

कायद्यातून तो गेला २०१९ मध्ये. सदतीस वर्षांनी.

मधल्या काळात संसद स्वस्थ बसली होती असेही नाही; तिने या कलमांना हात लावला, पण उलट्या दिशेने. १९७६ मध्ये विवाह कायद्यांत मोठी दुरुस्ती झाली तेव्हा हिंदू विवाह कायद्यातली तीन वर्षांची अट निघाली, म्हणजे कुष्ठरोगाच्या कारणाने घटस्फोट मागणे अधिक सोपे झाले. २००१ मध्ये १८६९ चा घटस्फोट कायदा सुधारला. ख्रिस्ती स्त्रियांवर त्यात होणारा उघड अन्याय दूर करण्यासाठी ती दुरुस्ती आवश्यक होती आणि चांगलीही होती. पण घटस्फोटाच्या कारणांची नवी यादी करताना हिंदू विवाह कायद्यातली यादी डोळ्यांसमोर असावी. तिच्याबरोबर ‘उग्र आणि असाध्य कुष्ठरोग’ही दोन वर्षांच्या अटीसह नव्याने कायद्यात आला. बहुऔषधी उपचाराला तेव्हा वीस वर्षे होत आली होती. चारच वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे देशातून निर्मूलन झाल्याचे सरकारने जाहीर केले.

याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. जास्त चट्ट्यांच्या रुग्णांना सुरुवातीला चोवीस महिने किंवा त्याहूनही जास्त काळ औषध द्यावे लागे. बारा महिने पुरतात असा पुरावा मिळाला तेव्हा १९९८ च्या आसपास मुदत निम्मी झाली. त्यासाठी लोकसभेत विधेयक लागले नाही; तज्ज्ञांची शिफारस आणि आरोग्य खात्याच्या सूचना पुरल्या. शास्त्र बदलले की सूचना बदलतात. कायद्यात मात्र शब्द गोठतो. तो काढायला पुन्हा विधेयक, मंत्रिमंडळाची संमती, दोन सभागृहे आणि राष्ट्रपतींची सही एवढे सगळे सोपस्कार लागतात. रोगाचे नाव थेट कायद्याच्या कलमात घालणे किती महागात पडते ते इथे दिसते.

शब्दांचा आणखी एक खेळ होता. हिंदू विवाह कायद्यात निदान ‘असाध्य’ तरी होते. एखादा जाणता न्यायाधीश डॉक्टरची साक्ष घेऊन ‘आता हा रोग असाध्य नाही’ म्हणत अर्ज फेटाळू शकत होता. विशेष विवाह कायद्यात आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तर नुसता ‘कुष्ठरोग’ लिहिला होता. पाठीवर रुपयाएवढा एक बधिर चट्टा आणि सहा महिन्यांच्या गोळ्या, एवढ्यावरही तो शब्द लागू पडत होता. तिथे न्यायाधीशाला आधुनिक वैद्यकाचा आधार घेऊनही फारसे काही करता आले नसते.

हे फक्त न्यायालयात जाणाऱ्या मोजक्या जोडप्यांपुरते असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. कुष्ठरोगात खरे नुकसान होते ते मज्जातंतूंचे. हातापायाची संवेदना जाते, चटका बसलेला कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही, जखमा चिघळतात, बोटे वाकडी होतात. यातले बहुतेक सारे वेळीच उपचार मिळाले तर टळते. गोळ्या जंतू मारतात. पण एकदा गेलेली नस त्या परत आणतीलच असे नाही. म्हणून सगळा भर लवकर निदानावर असतो, आणि लवकर निदानासाठी रुग्णाने स्वतःहून चट्टा दाखवायला हवा. ज्या बाईला ठाऊक आहे की हा चट्टा दिसला तर सासरचे आपल्याला माहेरी पाठवतील आणि कायदाही त्यांच्याच बाजूने आहे, ती पदर पुढे ओढून घेते. कोर्टात जाण्याची वेळच येत नाही, धमकी पुरते. घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांची निम्मी मेहनत हा पदर बाजूला करण्यात जाते. एका खात्याने रोग दाखवा म्हणायचे आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्याने दाखवणाऱ्याला घराबाहेर काढायचे, असा हा विचित्र खाक्या होता. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत समजते.

मग बदल व्हायला इतका वेळ का लागला? कोणी अडवले होते असे नाही. कुठल्याही पक्षाचा या कलमांसाठी आग्रह नव्हता. पण ती काढण्यासाठीही कोणाचा आग्रह नव्हता. कुष्ठरुग्ण विखुरलेले, गरीब, आपली ओळख लपवणारे. त्यांचा मोर्चा निघत नाही, त्यांची मतपेढी नाही. संसदेचा वेळ सरकार ठरवते, आणि एखाद्या खासदाराने स्वतःचे विधेयक मांडले तरी ते पार पडत नाही. खासगी सदस्याचे विधेयक संमत होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्त लाभलेला नाही. त्यातून ही कलमे वेगवेगळ्या धर्मांच्या विवाह कायद्यांत पसरलेली. त्या वारुळात हात घालायला कोण तयार होणार!

तरी संसदेच्याच एका दाराने हा विषय आत आला. कुष्ठबाधितांच्या वतीने राज्यसभेकडे याचिका गेली, आणि तिच्या याचिका समितीने २००८ मध्ये अहवाल देऊन या कायद्यांत बदल सुचवला. सामान्य माणसाला संसदेकडे थेट अर्ज करता येतो, ही फारशी कोणाला माहीत नसलेली सोय इथे कामी आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका नगरसेवकाचा खटला होता. कुष्ठरोग असल्यास नगरपालिकेच्या निवडणुकीला अपात्र, असे तिथला राज्याचा कायदा सांगत होता. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. मात्र आजचे संशोधन पाहता अशी तरतूद ठेवावी का याचा विधिमंडळाने गंभीरपणे विचार करावा, असेही सुचवले. निवडून आलेल्या माणसाचे पद गेले आणि बदलाचे काम पुन्हा कायदे करणाऱ्यांच्या अंगणात येऊन पडले.

२०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठबाधितांबाबतचा भेदभाव संपवण्याचा ठराव केला. २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला २५६ वा अहवाल याच विषयावर दिला. त्यात कालबाह्य कलमांची जंत्री होती आणि भेदभाव रोखणाऱ्या नव्या कायद्याचा तयार मसुदाही. २०१६ मध्ये १८९८ चा लेपर्स ॲक्ट रद्द झाला. तोही स्वतंत्रपणे नव्हे. निरुपयोगी ठरलेल्या शेकडो जुन्या कायद्यांच्या यादीत एक ओळ म्हणून. ज्याच्या आधारे माणसे रस्त्यावरून उचलता येत होती तो कायदा असा गाजावाजा न होता गेला. काही राज्यांनी तर तो आधीच गुंडाळला होता.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना कुष्ठबाधितांबाबत सविस्तर निर्देश दिले: औषधांचा तुटवडा पडू देऊ नये, दवाखान्यांत त्यांना वेगळे वागवू नये, शाळांनी मुलांना नाकारू नये, जनजागृती करावी. त्याच्या थोडे आधी, ऑगस्टमध्ये, वैयक्तिक कायदे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ७ जानेवारी २०१९ रोजी ते लोकसभेत आणि १३ फेब्रुवारीला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, राज्यसभेत मंजूर झाले. २१ फेब्रुवारीला राष्ट्रपतींची सही झाली. १८६९, १९३९, १९५४, १९५५ आणि १९५६ या पाच सालांच्या पाच कायद्यांतून कुष्ठरोग काढून टाकणारा हा कायदा जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि नोंदणी विवाह करणारे, सर्वांना एकाच दिवशी लागू. यासाठी न्यायालयांत किती खटले लढवावे लागले असते आणि किती वेगवेगळे निकाल आले असते, याची कल्पना केली तर संसदेने मनावर घेतल्यावर काय होऊ शकते ते कळते. इतके सोपे काम होते, म्हणूनच सदतीस वर्षे अधिक टोचतात.

संसदेचा हात पोचतो तिथवरच मात्र हे झाले. विवाह आणि घटस्फोट समवर्ती सूचीत असल्याने संसदेला ही कलमे काढता आली. सार्वजनिक आरोग्य, नगरपालिका, ग्रामपंचायती हे विषय राज्यांचे. आपल्याकडे मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५९ मध्ये केलेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरुग्ण भिकाऱ्याला तपासून अडकवून ठेवण्याची तरतूद घातली होती; १८९८ च्या कायद्याचीच ती सावली. दिल्लीतल्या २०१९ च्या दुरुस्तीने तिला धक्का लागला नाही, लागणारही नव्हता. अशा तरतुदी ज्या त्या विधानसभेलाच एकेक करून शोधून काढाव्या लागतात.

संसदेने देऊ केलेल्या संरक्षणालाही एक अडचण आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ ही स्वतंत्र वर्गवारी आहे. ज्याच्या हातापायाची संवेदना गेली, बोटे वाकली, डोळ्याची पापणी मिटत नाही, अशा बऱ्या झालेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नोकरीतले आरक्षण व योजना. अपंगत्व किती टक्के हे कसे मोजायचे, ते कायद्यात न कोंबता अधिसूचनेवर सोडले आहे, हे शहाणपणाचे झाले. शास्त्र बदलेल तसे ते बदलता येते. पण प्रमाणपत्र मिळते ते व्यंग उरलेल्यालाच. वेळीच दवाखान्यात गेला, बारा महिने नेमाने गोळ्या घेतल्या, एकही बोट वाकडे न होता बरा झाला, आणि तरीही कारखान्यात कोणीतरी जुने कार्ड पाहिले म्हणून ज्याला उद्यापासून येऊ नको सांगितले, तो या व्याख्येत बसत नाही. बरे झालेल्यांपैकी बहुतेक जण असेच असतात, कारण उपचाराचा हेतूच तो आहे. त्यांच्यासाठी विधी आयोगाने २०१५ च्या अहवालाला जोडलेला भेदभावविरोधी कायद्याचा मसुदा होता. २०१९ च्या दुरुस्तीत त्यातला विवाहापुरता भाग आला. नोकरी, घर, शाळा, प्रवास यांबद्दलची कलमे त्यात आली नाहीत.